गाव बंद, लॅपटॉप आत

शनिवार, संध्याकाळ. वेशीबाहेर, झावळांच्या खोपीत.

पुण्याहून मॅनेजरचा पुन्हा फोन. क्लायंटची सिस्टीम बसलीय, या शनिवार-रविवारचा सपोर्ट माझ्याकडे, आणि माझा लॅपटॉप घरात. विसरले नाही, मुद्दाम कपाटात ठेवून आले. गावपळणीसाठी महिनाभर आधी सुट्टी मागितली होती: तीन दिवस गाव देवाचा, माणसं-गुरं सगळी वेशीबाहेर. तेव्हा "वा, छान" म्हणाला, आणि सपोर्ट माझ्याच नावावर ठेवला. आज म्हणतो, "दोन तास घरी जाऊन ये ना. रिकाम्या गावात कोण बघतंय?"

आणि मी "बघते" म्हणून फोन ठेवला! सरळ नाही का म्हटलं नाही? गणपतीत आरती चालू असताना हेडफोन लावून बसले, दिवाळीत फराळ कीबोर्डशेजारी. सवय, दुसरं काय.

आई सगळं ऐकत होती. टोपलीखालच्या ठिपकेवाल्या कोंबडीला तांदूळ टाकत म्हणाली, "एक कोंबी घरात ठेवूक नाय आमी, आणि तू जातलंस?" खरंच, सकाळी या कोंबडीला बाहेर काढायला बाबा किती वेळ चुलीमागे वाकले होते!

मग मीच फोन लावला. नाही जाणार म्हटलं.

"मग लॉगिन कधी करशील?"

"देवाने परतायचा कौल दिला की."

"आणि नाही दिला तर?"

"तर आणखी एक दिवस."

"मी वर काय सांगू?"

"सांगा, गाव बंद आहे."

अप्रेझलमध्ये काढेल हे. काढू दे. त्या कोंबडीला सुट्टी मागावी लागली नव्हती. पुढच्या वेळी मीही मागणार नाही. सांगणार.