माझी सकाळची पन्नास मिनिटं

ती. आत्यास,

ठकीचा शिरसाष्टांग नमस्कार. (यातलं 'साष्टांग' जरा सवलतीत धर. आठांपैकी हात, पाय आणि गुडघे सध्या संपावर आहेत. उरलेल्या अंगांनी जेवढा पोचेल तेवढा पोचता करते आहे.) तू बरी असशील, आतोबांचा खोकला थांबला असेल, आणि गॅलरीतल्या ज्या वेलीला तू रोज ओरडतेस तिने एव्हाना घाबरून का होईना फूल दिलं असेल, असं धरून चालते. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं. पण आमच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे भर सभेत बोलणं. मी 'हॅलो' म्हटलं की आई शिवणयंत्र थांबवते, आजोबा टीव्हीचा आवाज कमी करतात, आणि बाबा 'कोण आहे?' असं विचारत माझ्या वतीने उत्तरं द्यायला लागतात. म्हणून कागद.

तर माझी हकीकत. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी पलंगावरून पाय खाली टाकला तर उजवा घोटा म्हणाला, 'आज नको.' मला वाटलं, मुरगळला असेल. पण मुरगळायला आधी काहीतरी करावं लागतं, आणि आदल्या दिवशी मी दिवसभर भूमितीच करत बसले होते. मग महिनाभराने डावा गुडघा सुजला, आणि परीक्षेच्या तोंडावर डाव्या हाताची दोन बोटं. (ज्या हाताने मी लिहिते तोच. तेव्हा हे परीक्षा टाळण्यासाठी चाललंय असं जे काही जणांनी ठरवलं, त्यांना दोष देता येत नाही. मीही दुसऱ्या कोणाबद्दल तेच म्हटलं असतं.)

आपले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे, वाढीचं दुखणं आहे. मी घरी येऊन दाराच्या चौकटीशी उभी राहिले आणि आजोबांकडून पेन्सिलीची खूण करून घेतली. वर्षभरात मी अर्धा सेंटिमीटर वाढले आहे. अर्ध्या सेंटिमीटरला एवढं दुखत असेल तर जिराफाची पिल्लं दिवसभर किंचाळत असायला हवीत. हे मी डॉक्टरांना पुढच्या खेपेला सांगितलं. ते पोट धरून हसले, आणि त्याच गोळ्या पुन्हा लिहून दिल्या.

मग शेजारच्या काकूंनी तेल दिलं. ते काळं असून त्याचा वास माझ्याआधी वर्गात पोचतो. आठवडाभर माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. गुडघ्याला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, पण ऐसपैस बसायला मिळालं. खेळाच्या बाईंनी तर निदान एका वाक्यात उरकलं. त्यांच्या मते मला धावायचं नसतं तेव्हाच माझा पाय दुखतो. माझ्या मते पाय दुखतो म्हणून मी धावत नाही. वाक्य जवळपास तेच, फक्त उलटं, पण त्यापायी माझ्या वहीत 'कामचुकार' असा शेरा आला. गेल्या वर्षापर्यंत रिलेमध्ये शेवटचा टप्पा हीच कामचुकार धावत होती, हे बाई विसरल्या. मी विसरले नाही. कोणी मैदानावरून पळत गेलं की मी बघत नाही, वहीत काहीतरी लिहिते आहे असं दाखवते. (हे आईला सांगू नकोस.)

पुढे हाडांचे डॉक्टर झाले. त्यांनी एक्स-रे काढला आणि हाडं उत्तम असल्याचं सांगितलं. आईला इतका आनंद झाला की कपडे शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला तिने तो खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. 'बघा, कशी स्वच्छ आहेत!' जणू तिनेच घासूनपुसून ठेवली होती. नंतर रक्त तपासलं. तेही अत्यंत गुणी निघालं. एकूण काय, कागदावर माझ्याइतकी निरोगी मुलगी या गावात नाही, फक्त तिला सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडता येत नाही. मग सगळ्यांनी मिळून ते माझ्या डोक्यात असल्याचं ठरवलं. आई मायेने ठरवत होती, बाबा वैतागून ठरवत होते, एवढाच फरक. एक दिवस तर, खरं सांगते, मीसुद्धा ठरवून टाकलं. आरशासमोर उभी राहून स्वतःला म्हणाले, 'बस झालं तुझं नाटक.' आणि खाली वाकून बुटाची नाडी बांधायला गेले. तिथेच बसून राहिले. नाटक असतं तर प्रेक्षक नसताना थांबलं असतं ना?

त्या दिवशी मी ठरवलं, याचा छडा आपणच लावायचा. आईची मापाची टेप घेतली आणि एक जुनी वही. रोज उठल्यावर गुडघ्याचा घेर, बोटांची मूठ वळते की नाही, गणवेशाचं वरचं बटण लावायला किती वेळ लागतो, सगळं लिहायला लागले. (आईने टेप दोनदा शोधली. एका बाईंच्या कुर्त्याच्या बाह्या त्या दिवशी अंदाजाने कापल्या गेल्या. दोन्ही सारख्या नाहीत.) तीन आठवड्यांत जे कळलं ते चौदा महिन्यांत कोणाला कळलं नव्हतं. माझं दुखणं सकाळच्या पाळीत काम करतं. उठल्यापासून सरासरी पन्नास मिनिटं मी लाकडाची असते, मग हळूहळू माणूस होते, आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे नेमकी दवाखाना उघडायच्या वेळेला, सूज अर्धी उतरलेली असते. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. मला ज्या वेळी त्यांच्याकडे नेलं जात होतं त्या वेळी मी खरंच बरी दिसत होते.

आता हे बाबांच्या गळी उतरवायचं होतं. तुझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो हे माझं नशीब. गेल्या महिन्यात एका इमारतीतल्या आजी तक्रार करत होत्या की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर धक्का देते, आणि बाबा गेले की देत नव्हती. चौथ्या खेपेला बाबा डबा घेऊन जिन्यात बसून राहिले, चार तास, आणि दुपारी धक्का सापडला. घरी येऊन अभिमानाने सांगत होते. मी तेवढ्यात विचारलं, "बाबा, त्या आजी खोटं बोलतात असं तुम्हाला वाटलं नाही?"

"छे! रोज त्या लिफ्टने जातात त्या. त्यांना नाही कळणार तर कोणाला?"

"मग मी रोज या गुडघ्याने जाते."

बाबांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. आई मशीनवरून म्हणाली, "अहो, उद्या सकाळी बसा की तिच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी सहाला ते माझ्या खोलीत स्टूल टाकून बसले. आत्या, मी खूप विनोद तयार ठेवले होते, एकही सुचला नाही. भिंतीला धरून उठले, मोरीपर्यंत गेले, झाकण दातांनी उघडलं. बटणापाशी आले तेव्हा बाबांचा हात पुढे आला, मी म्हटलं, "मदत करू नका, वेळ मोजा." ते घड्याळाकडे बघत बसले. एका बटणाला सहा मिनिटं. माझ्या गुडघ्यावर त्यांनी तळवा ठेवला, तो गरम लागला म्हणून लगेच उचलला आणि पुन्हा ठेवला. मग म्हणाले, "रोज?" मी वही दिली. त्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, कामावर फोन करून सुट्टी टाकली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिले. (स्वच्छ भांडी. आईनेही घासू दिली म्हणजे बघ.)

मोठ्या इस्पितळात सांध्यांचे वेगळे डॉक्टर असतात हे मला वाचनालयातल्या पुस्तकात सापडलं होतं. बाबांनी हटून सकाळची पहिली वेळ घेतली. या डॉक्टरबाईंनी आधी एक्स-रे मागितलाच नाही. पहिला प्रश्न, "सकाळी किती वेळ जखडतं?" मी म्हटलं, "पन्नास मिनिटं, सरासरी." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग एकेक बोट, एकेक सांधा दाबून बघितला, वही चाळली आणि म्हणाल्या, "नाव आज देत नाही, अजून तपासण्या आहेत. रक्त चांगलं असूनही हे असू शकतं. पण दुखतंय, सूज आहे, हे नक्की." मी रडायचं नाही असं घरून ठरवून निघाले होते. ते बाबांनीही ठरवलं असावं, कारण दोघांपाशी मिळून एकच रुमाल होता.

आता सांध्यांची सोनोग्राफी आहे, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही पाठवलं आहे. (दुखतात गुडघे, तपासायचे डोळे! पण असले आजार कधीकधी गुपचूप डोळ्यांतही शिरतात म्हणे.) एक मोठा फॉर्म भरायचा होता. त्यात 'घरात इतर कोणाला सांध्यांचा त्रास?' असा रकाना होता. बाबांनी तिथे ठसठशीत 'नाही' लिहिलं.

बाकी सगळे मजेत. आतोबांना नमस्कार.

तुझी,
ठकी

ता. क. तो 'नाही' मी खोडला आहे. परवा आजोबांना फॉर्मची गंमत सांगत होते, तर ते एकदम म्हणाले, "तुझ्या आत्याला सतराव्या वर्षी वेणी घालता येईना." आपल्या घरात ती गोष्ट बंडाची म्हणून सांगतात: तू एक दिवस कोणाला न विचारता केस कापून आलीस आणि घर डोक्यावर घेतलंस. आजोबा म्हणाले, त्याच्या आधी महिनाभर ती रोज आरशासमोर रडायची, आम्हाला वाटलं केसांसाठी हट्ट चाललाय.

ता. क. २ मग मी बसून आठवत गेले. ऑफिसात टायपिंग सोडून तू चौकशीच्या खिडकीवर गेलीस, तुला बोलायला आवडतं म्हणून. बरणीचं झाकण तू नेहमी दुसऱ्याकडे देतेस, तुला आळस आला म्हणून. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरतेस, तुला थंडी वाजते म्हणून. (मे महिन्यात?) आत्या, कधी सुरू झालं, कुठली बोटं, सकाळी किती वेळ, सगळं लिहून पाठव. मला रकान्यासाठी हवं आहे, पण फक्त रकान्यासाठी नाही.

ता. क. ३ येत्या अठरा तारखेला सकाळी माझी पुढची वेळ आहे. त्याच्या पाठोपाठची मी तुझ्या नावाने घेतली. इस्पितळाच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, तक्रार किती दिवसांची? मी हिशेब करून सांगितलं, एकोणतीस वर्षांची. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मग इतके दिवस आल्या का नाहीत?" मी म्हटलं, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सतरा तारखेला संध्याकाळी बाबा तुला घ्यायला स्टँडवर येतील. का ते त्यांना अजून माहीत नाही. ते तू सांग.