पाचही पांडव एका कवचात

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

माकणी, जि. उस्मानाबाद
मंगळवार, ९ जानेवारी १९६२

तुमच्या चरणी कस्तुराचा नमस्कार.

इकडं सगळे खुशाल. आत्याबाईंचा खोकला उतरलाय, म्हैस आटली, ज्वारी हुरड्यावर आलीय. तुमचं पत्र काल पोचलं. दोनदा वाचलं, कागद उलटून बघितला, पाकिटातही डोकावले. दिवाळीला तुम्ही निघताना मी जे विचारलं होतं, त्याबद्दल काही नव्हतं. असू द्या. तुम्ही विचारलंय त्याचं आधी सांगते.

अभ्यासाला म्हणून आणलेली आणि इथंच विसरलेली तुमची समुद्रातल्या जिवांची पेटी नीट आहे. तुमच्या पुस्तकातली चित्रं बघून मी ती लावूनही टाकली. खेकडा अन् झिंगा एका कप्प्यात, दोघांचे पाय सांध्यासांध्याचे म्हणून. शंख-शिंपले मऊ अंगाचे, त्यांचा कप्पा वेगळा. तारामासा अन् काटे झडलेलं ते गोल कवच, तुमचं समुद्री साळिंदर, ही काटेरी कातडीची भावंडं, म्हणून शेजारी ठेवली होती.

ते कवच कॉलेजचं आहे, प्रिन्सिपॉलसाहेब मागतायत, पार्सलनं पाठव, असं लिहिलंत. पण पत्र आलं तेव्हा ते पेटीत नव्हतं. देवघरात होतं.

शनिवारी वेळ अमावस्या होती. शेतात कडब्याच्या कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, चुना लावतात, ते तुम्हाला सांगायला नको. आत्याबाईंनी पेटी उघडली आणि त्या कवचावर बारीक भोकांच्या पाच पट्ट्या बघितल्या. म्हणाल्या, एकाच दगडात पाचही जण आले की. मी घरी आंबिलीच्या घाईत. शेतात पोचले तोवर चुना लागला होता, वरच्या मोठ्या भोकात फूल खोवलं होतं. ते भोक म्हणजे त्या प्राण्याचं तोंड, आणि तेही खालच्या अंगाला असतं. देव उलटा बसला होता! आपल्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही, आणि भरल्या पंगतीत मी काय सांगणार? आंबील वाढायला लागले.

आसपासच्या शेतातल्या बायाही पाया पडून गेल्या. आत्याबाईंनी सगळ्यांसमोर नवस बोलला की यंदा कस्तुराची ओटी भरू दे. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. नवरा समुद्राकाठी अन् बायको तेरणेकाठी, तर ओटी भरायची कशी, हे एकीनंही विचारलं नाही. एक तर दुसऱ्या सुनेचं बोलून गेली.

तेव्हापासून जिवाला थारा नाही. पाण्याला निघते अन् घागर घरीच राहते. दोनदा भाकरी करपली.

काल पत्र आल्यावर मात्र राहवलं नाही. भाकरी थापता थापता आत्याबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांना पटेना. डोकं न्हाय, डोळं न्हाय, कसला आलाय जीव? मग मी पिठाचा तारामासा केला. पाची हातांच्या पोटाकडं नखानं रेघा ओढल्या, हात वर दुमडून टोकं जुळवली. चेंडू झाला आणि त्याच्यावर त्याच पाच रेघा. आत्याबाई पिठाकडं बघत राहिल्या, मग उठून देवघरात गेल्या. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतात.

त्यांनी कवच आणलं, कोमट पाण्यानं चुना धुतला, पदरानं पुसलं. जित्तं असताना हे चालायचं कसं, विचारलं. मी म्हटलं, याला पुढं-मागं नाही, भोकाभोकांतून नळीसारखे पाय काढतं अन् वाटेल तिकडं जातं.

"आमच्या लेकाचं, म्हारुद्राचं उलटं हाय," त्या म्हणाल्या. "डोकं लई, अन् घराकडं पाय निघंना."

हसल्या, आणि मग डोळे पुसले. नवसाचं नावही घेतलं नाही.

पार्सलात ते पापडासारखं फुटेल. म्हणून मी स्वतः घेऊन येतेय. माहेरचा शांतलिंग दादा सोबत आहे. शुक्रवारी सोलापूर, तिथून कोल्हापूर, रविवारी रत्नागिरी.

आता माझं. मला तिकडं न्या म्हटलं की खोली मिळत नाही असं तुम्ही दोन वर्षं लिहिता. मी खरं मानलं, कारण खोटं मानायची भीती वाटत होती. तिथल्या शिकलेल्या मंडळींत माझं बोलणं, माझं नेसणं तुम्हाला नको वाटतं का? हे विचारायला किती कागद फाडले, सांगत नाही. तुम्ही नाही म्हणाल याचं भ्याव होतं. अजून आहे. पण आता जे काही असेल ते तोंडावर सांगा, पत्रानं नको.

आत्याबाईंचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहिते: "दोन्ही ठिऊन घे म्हणावं. न्हायतर दोन्ही माघारी धाड."

रविवारी मोटारतळावर या. माझ्या हातात कवच असेल, त्यामुळं पदर सावरता येणार नाही, ओळखायला सोपं जाईल.

तुमची, अजून तरी,
कस्तुरा