तीन गाठी, एक डाग

मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

काल लिहिलं, ‘डॉक्टरांच्या प्रश्नाला आम्ही सगळे नाही म्हणालो.’ चूक! सासूबाई म्हणाल्या, आमोद म्हणाला. मी वल्लरीचं टोपडं नीट करत बसले होते.

प्रश्न साधा होता. चार महिन्यांची पोर, इकोमध्ये हृदयात तीन गाठी. सर्जन म्हणतात, छाती उघडून तुकडा काढू, तपासू – २४ तारीख! डॉ. मंदाकिनी म्हणतात, थांबा. ‘एका आजारात अशा गाठी होतात आणि बहुधा आपोआप विरतात. कापावं लागत नाही. पण त्या आजाराची दुसरी काही खूण हवी. बाळाच्या अंगावर अजून दिसत नाही. आजार आईवडिलांकडूनही येतो. घरात कुणाला जन्मापासून फिकट पांढरा डाग?’

सासूबाई ताडकन – ‘कोड? आमच्या घराण्यात? अहो, शनिवार पेठेत कुणालाही विचारा!’

पेठेला इको वाचता येतो वाटतं.

बुधवार, १७ नोव्हेंबर

आमोदला दोनदा सांगायला गेले. कंपनीत दोन हजार सालाचं संकट! ‘एक जानेवारी पार पडू दे गं, मग निवांत बोलू.’ जगभरच्या संगणकांच्या तारखा सुधारतोय. पोरीची तारीख २४ आहे!

माहेरी फोन केला. आई कुजबुजली, ‘वेडी आहेस का? लग्नात सांगितलेलं नाही.’ घरात एकटीच होती, तरी कुजबुजली! मुळाक्षरांच्या आधी तिनं मला हेच गिरवायला लावलं – बंद पाठीचा फ्रॉक, पोहायचं नाव नको. आणि पाठीवरचा डाग केवढा? कढीलिंबाच्या दोन पानांएवढा. जन्मल्यापासून तसाच.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

सासूबाईंनी वल्लरीची दृष्ट काढली. मिरच्यांनी घरभर ठसका. गाठी आहेत तिथेच.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

वल्लरीला पाजत होते. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. ‘पाठीवरचं डॉक्टरांना दाखवलंस?’

मी पदर पाठीवर ओढून घेतला.

‘पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घातले ना तुला, तेव्हाच दिसलं. सोमवारी डॉक्टरांना माझ्या घरचं मी सांगितलं. तुझं तू सांगशील म्हणून थांबले. आणखी किती थांबू?’

डॉ. मंदाकिनी आता सोमवारीच भेटतात. सोमवार, २२ नोव्हेंबर, सकाळी. मागे बटणं असलेला ब्लाउज काढून ठेवलाय. सासूबाई बरोबर येणार – ‘बटणं सोडायला कुणीतरी हवं.’