तुझ्या नडगीबद्दल

वेस्ट नॉर्बी, विस्कॉन्सिन
१२ एप्रिल

प्रिय रूथी,

कशी आहेस? आम्ही सगळे बरे आहोत. आईची पाठ अजून धरलेली आहे. आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली, त्यातलं एक सारखं दुसऱ्यांच्या अंगावर झोपतं. शाळेत तू मला बघून वाट बदलतेस आणि फोनवर मला बंद करून टाकलंयस, म्हणून कागदावर लिहिते आहे. पत्र मीच येऊन तुमच्या फाटकावरच्या पेटीत टाकेन. घराकडे येणार नाही.

ट्रॅकवरचा बर्फ गेला. नवीन कोच चांगली आहे, पण जुनी यादी बघून मला दोनदा ‘रूथी’ म्हणाली. कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात तुला चीज फॅक्टरीतल्या कामावरून सुटताना पाहिलं. डोक्यावर जाळीची टोपी तशीच होती. मागून ट्रक आला म्हणून तू चार पावलं पळालीस. दोन्ही पाय सारखे पडत होते. मला फार बरं वाटलं आणि त्यानंतर जेवण गेलं नाही.

मला ऑक्टोबरबद्दल लिहायचंय.

आपण दोघी कोच ब्रेमर बाईंच्या कॉलेजात दोन दिवस राहायला गेलो होतो ना, तेव्हाचं. त्यांच्या पळण्याच्या संघात एकच जागा उरली आहे, शिष्यवृत्तीसकट, हे आपल्याला ठाऊक होतं. गाडीत तू म्हणालीस, “जिला मिळेल तिने दुसरीला वर्षभर पिझ्झा खिलवायचा.” मी हसले. जागा तुलाच मिळणार होती. चार वर्षांत एकाही शर्यतीत मी तुझ्यापुढे आले नव्हते. गावात लोक मला ‘ती दुसरी’ म्हणायचे, आणि तुला ते आवडायचं नाही. तू त्यांना माझं नाव सांगायचीस.

त्याच्या आदल्या आठवड्यात कपडे बदलायच्या खोलीत तू मोजा खाली करून मला नडगी दाखवली होतीस. मी बोट टेकवलं तर डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. आपले तेव्हाचे कोच, क्लाईन सर, त्यांनाही तू लंगडताना दिसली होतीस. ते डॉक्टरकडे जा म्हणाले, तर तू त्यांच्या हातापाया पडलीस. “सर, ही कॉलेजची भेट होऊ दे, मग लगेच जाते.” कुणाला न सांगायला सर नाइलाजाने कबूल झाले. म्हणजे हे आपल्या तिघांनाच माहीत होतं.

रविवारी सकाळी तू तिथल्या संघातल्या मुलींबरोबर पॅनकेक खात होतीस, तेव्हा ब्रेमर बाई मला तळ्याकडे फिरायला घेऊन गेल्या.

“रूथी धडधाकट आहे ना गं?” त्यांनी विचारलं. “काल चालताना जरा जपून पाय टाकत होती.”

“शुक्रवारी शर्यत झाली ना, म्हणून,” मी म्हणाले.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि भलतंच काही बोलायला लागल्या. विषय संपला होता, रूथी. मीच तो परत काढला. मी म्हणाले, “तिची उजवी नडगी दुखते. सहा आठवडे झाले. ती कुणाला सांगत नाही.”

बाई थांबल्या. “तू चांगली मैत्रीण आहेस,” म्हणाल्या.

पुढचं तुला माहीत आहे. त्यांनी तुला तपासणी करायला लावली, हाडात चीर निघाली, आणि नोव्हेंबरात शाळेच्या जिममध्ये केकसमोर बसून त्या जागेच्या करारावर मी सही केली. तेव्हापासून तू मला टाळतेस.

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, “डॉक्टर म्हणालेत ना, आणखी एक शर्यत झाली असती तर हाड मोडलं असतं? मग तू तिचा पाय वाचवलास की.” पण आई तळ्याकाठी नव्हती. मी ते बोलून गेले तेव्हा माझ्या मनात तुझं हाड नव्हतं. मला ती जागा हवी होती. काळजीच असती तर कपडे बदलायच्या त्या खोलीतूनच तुझ्या आईला फोन केला असता.

तुला वाटलं, सरांनी शब्द मोडला. तुझे बाबा शाळेच्या पार्किंगमध्ये त्यांच्यावर धावून गेले, तेव्हा मी बसच्या पायरीवर उभी होते. “बावीस वर्षं पोरींना पळायला शिकवताय, एका पोरीची गोष्ट पोटात ठेवता आली नाही तुम्हाला?” सरांनी टोपी काढून हातात धरली होती. “ओस्टबी, आधी तिचा पाय बघा,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांना कळलं होतं. ‘मी सांगितलं नाही आणि रूथीने सांगितलं नाही,’ एवढा हिशेब भूगोलाच्या मास्तरालाही येतो.

जानेवारीत त्यांनी संघ सोडला. मी त्यांच्या वर्गात गेले. म्हटलं, “सर, मी सांगते रूथीला.”

ते वह्या तपासत होते. “कधी?” म्हणाले. मान वर केली नाही.

त्याला तीन महिने झाले.

परवा त्यांनीच मला थांबवलं. डुलुथजवळच्या त्या छोट्या कॉलेजने तुला बोलावलंय, आणि तू उत्तर देत नाहीयेस, कारण ते बोलावणं सरांच्या ओळखीतून आलंय. “माझ्यावर राग राहू दे तिचा,” ते म्हणाले. “पण एक मे शेवटची तारीख आहे, डेला. तिथली कोच पोरींना दुखणं सांगू देते.” मग म्हणाले, “मी तुला काही कर म्हणत नाहीये.” आणि गेले.

मी ब्रेमर बाईंकडेच जाणार आहे. नकार कळवला असं इथे लिहायला मिळावं म्हणून दोनदा फोन हातात घेतला. झालं नाही. मला पळायचंय, आणि तिथेच पळायचंय. तुझ्या जागेवर. माफी मागणार होते, पण मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल.

तेव्हा एवढंच कर. एक मेच्या आत त्या कॉलेजला कळव. आणि सरांना फोन कर, किंवा नुसती त्यांच्या वर्गात जा. त्यांनी तुझी गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती.

तुझ्या बाबांना हे पत्र दाखव. त्यांना शंका राहू नये म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे.

डेला मेरी टॉमचेक