थांब्यावरचं काळं बाक

सांगवी, ता. ४/१०/९७

चि. सौ. कौसल्यास दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या मालकांनी, मल्हाररावांनी, आपल्या एसटी थांब्यावर जुन्या प्लॅस्टिकचं बाक फुकट बसवलं, त्याचं गावात कौतुक चाललंय. मला मात्र ते पचलेलं नाही. भंगार वितळवून धंदा करणारा माणूस फुकट कशाला देईल?

गोठ्यामागच्या माझ्या ठिबकच्या पाइपा चोरीला गेल्याचं मागे कळवलं होतं. त्यांच्या टोकांना खूण म्हणून मी पिवळा रंग फासला होता. काल बाकाला नख लावून पाहिलं, तर काळ्या फळीत पिवळे ठिपके. चोरीचा माल तुमच्या कारखान्यात येतो हे मल्हाररावांना ठाऊक आहे का, तेवढं विचार. उत्तर येईपर्यंत भाऊबीजेला माझी वाट पाहू नकोस.

आई दर गुरुवारी डोळ्यांच्या औषधाला बारामतीला जाते. मी चोराला शिव्या घालायला लागलो की उठून गोठ्यात जाते. तिचाही जीव जळत असणार.

कडू लिहिलं, तरी माया आहेच.

तुझा दादासो

इंदापूर, ता. १०/१०/९७

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून हे जेवले नाहीत. मी आधी रडले, मग मला हसू आलं.

पाइपा इथंच आल्या, पण तुझा चोर तुझ्याच घरात जेवतो. आईनंच टेम्पो बोलावला आणि तू बाजारला गेल्यावर उभं राहून पाइपा भरून दिल्या. कधीच्या तुंबलेल्या होत्या त्या. पैसे घेतले नाहीत. यांना म्हणाली, थांब्यावर बसायला कायतरी करा, गाडी येईस्तवर गुडघं ऱ्हात न्हाईत.

डोळ्यांचं औषध कसलं? बारामतीला गाडी बदलून ती माझ्याकडे येते. लेकीच्या दारात सारखं जाणं बरं दिसत नाही, असं तूच तिला चारचौघांत बोललास. मला फार लागलं होतं ते. तुला सांगायचं नाही अशी तिनं शपथ घातली होती, ती आज मोडली. तिला ओरडू नकोस.

रागावलास तरी बहिणीला परकी करू नकोस.

तुझी कौसल्या

सांगवी, ता. १६/१०/९७

चि. सौ. कौसल्यास आशीर्वाद. मल्हाररावांना नमस्कार, त्यांना तोंड दाखवायची लाज वाटते.

खरं सांगतो, तुझ्या पत्रावरही माझा विश्वास बसला नव्हता. म्हणून आज गुरुवारी आईच्या मागोमाग थांब्यावर आलो. ती बाकावर बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत तुझ्यासाठी शेंगांची चटणी. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं पिशवी जवळ ओढून जागा केली आणि म्हणाली, "बस की. तुझ्याच पाइपा हायत."

बसलो. गाडी अजून आलेली नाही, तोवर समोरच्या दुकानातून कागद आणून हे लिहितोय. भाऊबीजेला तिला घेऊन मीच येईन.

पत्र आईच्या हाती देतोय. उत्तरही तिच्याच हाती दे, आणि पुढच्या गुरुवारी जेवायला तिची वाट पाहा.

तुझा दादासो