आत्याचं वय

कळमनुरी, मंगळवार, दिवेलागण

आत्याचं कार्ड झालं नाही. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन सांगितलंय. सत्तरीपुढच्यांना सरकार फुकट इलाज देतं म्हणून तिला ऑटोत घालून सेवा केंद्रावर नेलं. दुसऱ्या योजनेला रेशनकार्ड लागतं आणि त्यात तिचं नाव कुठंच नाही, तेव्हा हाच एक रस्ता होता.

केंद्रवाला म्हणाला, "आधारवर पासष्टच हाय. न्हाई बसत."

आत्या भडकली, "आरं, रझाकाराच्या वक्ताला मी पाळण्यात होते!"

"मंग आजी, पाळण्याचा दाखला आना."

लोक हसले. मी नाही.

कारण हे पासष्ट कुठून आलं ते मला माहीत आहे. तेरा वर्षांमागं आधारच्या शिबिरात वय विचारलं तर ती म्हणाली, "मला काय ठावं?" आणि मीच सांगितलं, बावन्न लिहा. बावन्न काहून? दोस्त औंढ्याला जायला गाडी चालू करून उभे होते, एवढंच. औंढ्यात त्या दिवशी काय केलं तेही आता आठवत नाही. पण बावन्न आठवतं.

परत येताना ऑटोत कण्हत म्हणाली, "अजून पाच वर्सं जगले की भेटंल न्हवं?"

मी व्हय म्हणालो. बावन्नचं आजही सांगितलं नाही.