आधी मेंढीला

मादन हिप्परगा, २२ नोव्हेंबर १९९९

चि. तेजश्रीस, अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अव्वा जाऊन मंगळवारी वर्ष झालं. तुला रजा मिळाली नाही, हे पाहुण्यांना सांगितलं. अप्पांच्या पायाचा चिघळलेला अंगठा अजून ओलाच आहे, शुगर उतरत नाही. गुलबर्ग्याचे डॉक्टर तो काढायचा म्हणतात. अप्पा म्हणतात, तुमच्या अव्वाचंबी आधी बोटच काढलेते.

दिवाळीत तू दाखवायला आणलेलं औषध अप्पांनी लंगड्या मेंढीच्या खुराला लावून घेतलं होतं. जखम चार दिवसांत मिटली. पू नाही, सूज नाही. मेंढीला मानवलं की माणसाला लावायचं, ही आपली रीत. अप्पा मला चिडवतात, की तू मास्तर होऊन पोरं राखायलास, मेंढरांचं ज्ञान पोरीलाच आलंय. तुझी विसरलेली बाटली घरातच आहे. अप्पांना लावू का? उलट टपाली कळव. लोभ आहेच, तो वाढो.

नागराज

हैदराबाद, २९ नोव्हेंबर

ती. अण्णास, शि. सा. न. वि. वि.

लावू नका. दुकानातला फोन लागत नाही, म्हणून लिहिते. ते जखमेचं औषध नाही. शुगरच्या रोग्याला दुसऱ्याच्या पेशी बसवल्या, तर अंग त्यांना परकं समजून मारतं. आमच्या प्रयोगशाळेतला हा मलमासारखा जेल अंगाच्या राखणदारांना तेवढ्या जागी गप्प बसवतो. अव्वासारख्यांसाठीच मी हे काम धरलं. पण उघड्या जखमेत जंतू असतात. राखणदार गप्प बसले की वरून कातडी मिटते आणि आत जंतू वाढतात. आमच्या उंदरांच्या जखमा छान मिटल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात ते खाईनासे झाले.

मेंढी चरते का? बाटली मी आणायलाच नको होती. अप्पांना लगेच गुलबर्ग्याला न्या. माझ्यावरचा लोभ कमी करू नका.

तेजश्री

मादन हिप्परगा, ६ डिसेंबर

चि. तेजश्रीस, अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. अप्पा थांबले नव्हते, आठवडाभर स्वतःच अंगठ्याला लावत होते. मेंढी गुरुवारी पडली. त्यांनी खूर कापून पाहिला. वरून मिटलेला, आत काळा.

अंगठा कोरडा दिसतो. ठणका गेलाय, आता दवाखाना कामून, म्हणतात. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. तुझ्या औषधावर त्यांचा फार जीव आहे. उद्या जीप सांगितली आहे. काळजी करू नकोस, असं लिहवत नाही.

नागराज

मादन हिप्परगा, २३ डिसेंबर

चि. तेजश्रीस, अनेक आशीर्वाद.

तू अप्पांच्या दिवसांना इथं होतीस, तेव्हा बोलता आलं नाही. दवाखान्यात अप्पा शेजारच्या खाटेवाल्यांना सांगत होते, की पाय काळा पडायलाय, पण लेकीच्या औषधानं ठणका न्हाई बघा. तेव्हाही तुझं पत्र माझ्या खिशातच राहिलं.

आज शेजारचे उद्धवराव हसत आले. अप्पांनी त्यांना निम्मं औषध दिलं होतं. त्यांची मेंढी चार दिवसांत चालायला लागली. संध्याकाळी सुनेच्या बाळंतपणाच्या टाक्यांना लावणार म्हणाले. नको म्हटलं, तर तुमच्या अप्पांचं मन मोठं होतं मास्तर, म्हणाले आणि गेले.

तुझं पत्र घेऊन मी त्यांच्याकडे निघालो आहे. त्यांच्या सगळ्या घरासमोर उंदरांचं वाचणार आहे आणि अप्पांचं काय झालं, तेही सांगणार आहे. गावात तुझ्या नावाला बोल लागेल. जमलं तर तरीही लोभ ठेव.

नागराज